नवरा-बायको आणि व्यसनमुक्ती केंद्र: दहा दिवस, पस्तीस दिवस की तीन महिने?

केंद्राला फोन लावला की पहिला प्रश्न असतो, ‘किती दिवस ठेवाल?’ आणि दुसरा, ‘किती पैसे?’ घरात पिणारा एकटा नवरा असेल तर हा क्रम ठीक आहे. दोघांनाही व्यसन असेल तर त्याआधी ठरवायला लागतं की दोघांनी एकदम जायचं, की एकामागून एक. जोडप्यासाठी म्हणून दिवसांचा वेगळा आकडा आपल्याकडच्या केंद्रांत नसतो. तो आकडा एका माणसाचा असतो. दोन माणसांचे दिवस एकमेकांत कसे बसवायचे, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. त्यात कोकणातल्या घराला म्हातारी माणसं, गुरं, बाग आणि बोटसुद्धा बघायची असते.

बायकोचं पिणं गावात बोललं जात नाही, म्हणून ते नाहीच असं धरून चालतात. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के आणि बायकांचं १.६ टक्के आलं. आकडा लहान असल्यामुळे बायकांसाठीच्या खाटाही थोड्या. त्याच पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या १८० माणसांमागे जेमतेम एक कुठेतरी दाखल होऊन उपचार घेतो. त्यातली बाई किती, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. (मिशेरीसाठी कुणी दाखल होत नाही, त्यामुळे ती या हिशोबात धरलेली नाही.)

दहा दिवस

हा काळ शरीराचा. दारू थांबल्यावर सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, झोप उडते. फिट येण्याचा धोका पहिल्या ६ ते ४८ तासांत सर्वांत जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस ओळखेनासा होतो, आणि वेळीच उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. दवाखान्यात यासाठी ठरावीक गोळ्या हळूहळू कमी करत देतात, थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं देतात, आणि पाच ते दहा दिवसांत शरीर बरंचसं ताळ्यावर येतं. गर्दचं (हेरॉइनचं) तसं नाही. अंगदुखी, जुलाब, नाक गळणं यांनी माणूस आठवडा-दहा दिवस हैराण होतो, पण निरोगी माणसाच्या जिवाला सहसा धोका नसतो. त्याचा खरा धोका नंतर आहे. शरीराची सवय मोडलेली असताना जुन्याच मात्रेने घेतलं तर श्वास थांबू शकतो.

‘आम्ही दोघं मिळून घरीच सोडतो’ हा बेत मला सगळ्यात भयंकर वाटतो. एकाला फिट आली तर रिक्षा आणायला धावायचं दुसऱ्याने, आणि तो स्वतःच लटपटतोय. गाव मुख्य रस्त्यापासून आत, रात्री वीज गेलेली, फोनला रेंज नाही. ही रिस्क घेऊ नये. जिल्हा रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ किंवा रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे या टप्प्यासाठी जवळचे पत्ते आहेत, आणि सरकारी असल्यामुळे खर्चही झेपणारा.

पण दहा दिवसांत सुटते ती थरथर. पिण्याची सवय, चिडचिड, मोडकी झोप, आणि संध्याकाळी सात वाजले की पाय आपोआप नाक्याकडे वळणं, हे सगळं तसंच राहतं. नुसते दहा दिवस दोन परिस्थितींत पुरतात. एक, पिणं अजून हाताबाहेर गेलेलं नाही आणि पुढे दर आठवड्याला समुपदेशकाकडे जायची खरीच सोय आहे. दोन, पुढच्या केंद्रात जागा मिळेपर्यंतची ही तयारी आहे. बाकीच्यांना दहा दिवसांनी घरी आणणं म्हणजे अर्ध्या नदीतून मागे फिरणं.

पस्तीस दिवस

महिनाभराचा मुक्काम ही पद्धत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९५० च्या दशकात रुजली. तिथे ती २८ दिवसांची झाली. पुण्याच्या मुक्तांगणात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचटांनी काम सुरू केलं आणि तिथला मुक्काम ३५ दिवसांचा म्हणून ओळखला जातो. पहिला आठवडा शरीर सावरण्यात जातो, त्यानंतर गटचर्चा, समुपदेशन, व्यायाम, ठरलेली दिनचर्या. दिवस साधेच असतात, आणि मला वाटतं गुण त्या साधेपणातच आहे. पाच आठवडे वेळेवर उठणं, वेळेवर जेवणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं.

एकटा नवरा पिणारा असेल तर माझं मत सरळ आहे: हाच पर्याय घ्या. मात्र बायकोनेही या काळात काहीतरी करायला हवं. मुक्तांगणात बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, तर अल्-अनॉनच्या सभा पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी असतात आणि त्यांना फी नसते. नवऱ्याचं खोटं सावरणं, मालकाला ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणं, गुत्त्याची उधारी गुपचूप भागवणं, या सवयी बायकोला लागलेल्या असतात. त्या तशाच राहिल्या तर त्याचे ३५ दिवस अर्धेच कामी येतात.

नवऱ्याच्या डाळीत गुपचूप दारू सोडवायच्या औषधाची पुडी टाकणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. डायसल्फिरामसारखं औषध माणसाला न सांगता दिलं आणि तो त्यावर प्यायला, तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, मृत्यूही होऊ शकतो. हेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नवऱ्याने राजीखुशीने, रोज सकाळी बायकोसमोर घेतलं तर मदत होते.

दोघंही पिणारे असतील तर ३५ दिवसांची अडचण जागेची आहे. आपल्याकडे पुरुषांचे आणि बायकांचे विभाग वेगळे असतात. मुक्तांगणात बायकांसाठी ‘निशिगंध’ आहे, पण मालवणहून किंवा गुहागरहून पुणं म्हणजे रात्रभराचा प्रवास. नवरा जिल्ह्यातल्या केंद्रात आणि बायको पुण्यात, असंही होऊ शकतं. हे वाईटच असतं असं मला वाटत नाही. एकाच आवारात असलेली जोडपी एकमेकांवर नजर ठेवण्यात अर्धा दिवस घालवतात.

तीन महिने

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेचं म्हणणं प्रसिद्ध आहे: ९० दिवसांपेक्षा कमी उपचारांचा परिणाम मर्यादित राहतो. जाहिरातींत हे वाक्य हमखास असतं, आणि त्यावरून तीन महिन्यांची फी आगाऊ घेतली जाते. मूळ वाक्य मात्र निवासी आणि घरून येऊन घेतलेल्या, अशा दोन्ही उपचारांबद्दल आहे. ९० दिवस उपचारात राहायचं, सगळे कुलपाआड नव्हे. ३५ दिवस आत आणि पुढचे ५५ दिवस दर आठवड्याला फॉलोअप, हेही ९० दिवसच.

अमेरिकेत जोडप्यांना एकत्र दाखल करणारी खाजगी केंद्रं आहेत आणि ती ३०, ६०, ९० दिवसांचे टप्पे देतात. तिथून आलेली एक पद्धत आपल्या कामाची आहे. मानसशास्त्रज्ञ टिमथी ओ’फॅरल यांच्या जोडप्यांसाठीच्या उपचारात साधारण १२ ते २० बैठका होतात, बहुधा आठवड्याला एक. रोज सकाळी पिणारा जोडीदार सांगतो, ‘आज पिणार नाही’. दुसरा त्याचे आभार मानतो. कालचा हिशोब काढायचा नाही. ही पद्धत मुख्यतः एकच जोडीदार व्यसनी असलेल्या घरांसाठी घडली. दोघंही पिणारे असताना ती जशीच्या तशी लागू पडत नाही. मारहाण होत असेल तर एकत्र बैठका नकोतच. आधी बायकोची सुरक्षितता; २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी त्यासाठीच आहेत.

पूर्ण तीन महिने आत राहणं कुणाला लागतं? ३५ दिवस करूनही पुन्हा पुन्हा प्यायला लागलेल्यांना, गर्दच्या मागे असलेल्यांना, आणि ज्यांचं घरच गुत्त्याच्या दारात आहे त्यांना. बांदा-सावंतवाडी पट्ट्यात गोव्याची स्वस्त बाटली हाताशी असते. तिथल्या माणसाने जास्त दिवस बाहेर काढले तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

एकदम की एकामागून एक

एकामागून एक जाणं घरच्यांना सोयीचं वाटतं. एक आत, एक घर सांभाळायला. पण नवरा ३५ दिवसांनी परत येतो तेव्हा बायको अजून पीत असते, आणि त्याच्या पहिल्या रात्री घरात बाटली असते. मग बायको जाते, आणि ती येईपर्यंत नवरा घसरलेला. सत्तर दिवस आणि दुप्पट पैसे खर्चून पुन्हा तिथेच.

म्हणून दोघं व्यसनी असतील तर माझा कौल एकाच आठवड्यात, वेगवेगळ्या ठिकाणी दाखल होण्याला. ज्याची प्रकृती जास्त बिघडलेली त्याला आधी दवाखान्यात न्या, दुसऱ्याने दोन-चार दिवसांत जावं. एक आधी सुटला तर त्याने थेट घरी येऊ नये. माहेरी, बहिणीकडे, मुंबईच्या काकांकडे आठवडा काढावा, आणि दोघांनी घरात एकदमच पाऊल ठेवावं. त्याआधी दीर किंवा शेजाऱ्याने जाऊन माळ्यावरच्या, गोठ्यातल्या बाटल्या काढून टाकाव्यात.

मुलं लहान असतील तर हा बेत अवघड होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करता येत नाही. त्याची सोय आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. मोठ्या मुलांसाठी आजी-आजोबा खंबीर नसतील तर एकामागून एक जाण्याशिवाय इलाज नाही. तसं झालं तर आधी परतणाऱ्याने दुसरा दाखल होईपर्यंत तरी घराबाहेर राहावं.

त्याच कायद्यातलं आणखी थोडं. स्वखुशीने दाखल झालेल्याला निघायचं म्हटलं तर निघता येतं, फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवतात. स्वतः ठरवण्याच्या स्थितीत नसलेल्याला नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने ठरवायला नेमलेल्या माणसाच्या) अर्जावरून ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. तेव्हा बाईच्या बाबतीत तीन आणि पुरुषाच्या बाबतीत सात दिवसांत मानसिक आरोग्य मंडळाला कळवावं लागतं. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि मंडळाची परवानगी. ‘सहा महिने सोडणार नाही, भेटायलाही यायचं नाही’ असं सांगणाऱ्या ठिकाणी पाऊल ठेवू नका. दोघं रुग्ण असताना एकमेकांचे प्रतिनिधीही होऊ नका. त्या जागी भाऊ, मावशी, कुणीतरी न पिणारा तिसरा माणूस घाला.

विम्यावर विसंबू नका. बऱ्याच पॉलिसींत व्यसनाचे उपचार वगळलेले असतात. जवळचं केंद्र शोधायला १४४४६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

जायचं कधी

मच्छीमार घरासाठी उत्तर दर्यानेच दिलंय. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. बोटी किनाऱ्याला, हातात काम नाही, आणि याच दिवसांत पिणंही वाढतं. १ जूनला दाखल झालेला ३५ दिवसांनी ५ जुलैला सुटतो. बोट दर्यात जाईपर्यंत २६ दिवस उरतात, तेवढ्यात चार फॉलोअप सहज होतात. आंबेवाल्यांनीही मे संपता संपता हिशोब मिटवून निघावं. भातशेती असलेल्यांची गोष्ट वेगळी: जून-जुलैत लावणी, त्यामुळे त्यांना कापणी आणि झोडणी उरकल्यावरचे दिवस बरे.

एक तारीख मात्र सगळ्यांनी बघावी. १ जूनपासून मोजले तर नव्वदावा दिवस २९ ऑगस्टला येतो, म्हणजे काही वर्षी ऐन गणपतीत, काही वर्षी थोडा आधी. मुंबईचे चाकरमानी, भजनं, रात्रीची जागरणं, आणि मागच्या पडवीत बसणारी मंडळी. गणपतीच्या आठवड्यातला फॉलोअप चुकवू नका, आणि मुंबईहून येणाऱ्या भावाला आधीच फोन करून सांगा की यंदा बॅगेतून काही आणू नकोस.