हळदीची सहा पोती आणि एक अटक फॉर्म: सांगलीतल्या फौजदारी नीतिमत्ता वर्गाचे परीक्षण

विश्रामबागेत शनिवार-रविवार भरणारा हा वर्ग सहा आठवड्यांचा आहे. तीन-तीन तासांच्या बारा बैठका, फी ४,५०० रुपये, सरावाची फाईल आणि छापील नमुने त्यातच. येणाऱ्यांत लॉच्या शेवटच्या वर्षाची मुले, विजयनगरच्या कोर्टात नुकतेच उभे राहू लागलेले ज्युनियर आणि पीएसआयच्या परीक्षेची तयारी करणारे असतात. वर्गाचे नाव देत नाही, कारण पुढे दोषही सविस्तर यायचे आहेत आणि ते दुरुस्त होण्यासारखे आहेत.

या वर्गाची खरी ताकद म्हणजे इथे नीतिमत्ता कागदावरून शिकवतात. पहिल्याच दिवशी ३८ पानांची एक काल्पनिक फाईल हातात येते. मार्केट यार्डातल्या गोदामातून हळदीची सहा पोती गेली आहेत आणि संशय एका ६२ वर्षांच्या हमालावर आहे. फिर्याद, स्टेशन डायरीचा उतारा, अटक फॉर्म, निवेदन पंचनामा (आरोपीने दिलेल्या माहितीचा), जप्ती पंचनामा, चार जबाब आणि रिमांड रिपोर्ट (कोठडी मागणारा अहवाल) असे सगळे त्यात आहे. चुका मुद्दाम पेरलेल्या आहेत. प्रत्येक चूक शोधायची, कलम सांगायचे आणि त्या चुकीने कुणाचे काय हिरावले जाते ते दोन ओळींत लिहायचे.

पहिला प्रश्नच चांगला निवडलाय: अटक करायची का? गोदाम म्हणजे माल ठेवण्याची इमारत, म्हणून भारतीय न्याय संहितेचे कलम ३०५ लागते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. निम्मा वर्ग इथेच घसरतो. ‘सात वर्षांचा गुन्हा, म्हणजे थेट अटक’ असे उत्तर येते. नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचे) कलम ३५ नीट वाचले तर सात वर्षांपर्यंतचे गुन्हेही ‘अटक सरसकट नाही’ याच चौकटीत बसतात. अटक का गरजेची आहे याची कारणे लेखी नोंदवायची, आणि गरज नसेल तर ३५(३) ची नोटीस द्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने हेच बजावले होते. दुसरा सापळा वयाचा. साठीच्या पुढचा माणूस दिसला की मुले ३५(७) खालची उपअधीक्षकांची परवानगी मागू लागतात. ते कलम तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यापुरतेच आहे, ३०५ ला लागू होत नाही. हमालाच्या बाजूने बोलायचे तरी कलम चुकवून चालत नाही, हे शिक्षकांनी ठासून सांगणे आवडले.

सगळ्यात मोलाची बैठक वेळेची. अटक फॉर्मवर १९.४० लिहिलेय. ठाण्याच्या दारातल्या कॅमेऱ्याच्या नोंदीत तोच माणूस सकाळी ११.१५ ला आत येताना दिसतो, आणि स्टेशन डायरीत त्या वेळची नोंदच नाही. मधले जवळपास साडेआठ तास तो कोण होता, साक्षीदार, पाहुणा की आरोपी? चोवीस तासांची मोजणी माणूस प्रत्यक्ष अडकवला तेव्हापासून धरायची असेल, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला कोर्टात उभे करणे उशिराचे ठरते. प्रवासाचा वेळ वजा होतो, ‘चौकशीला बसवून ठेवले’ तो वेळ होत नाही. या एका पानावर दीड तास गेला आणि तो सत्कारणी लागला.

निवेदन पंचनाम्याचे पानही तितकेच कसदार. त्यात ओळ आहे, ‘मी सदरची चोरी केली असून पोती लपविलेले ठिकाण दाखवितो’. साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम २३ प्रमाणे त्यातला पहिला तुकडा पुराव्यात चालत नाही. ज्या माहितीमुळे माल मिळाला तेवढाच भाग टिकतो. पंच दोघेही ठाण्यासमोरचे टपरीवाले दाखवलेत आणि दुसऱ्या एका गुन्ह्यातही हेच पंच आहेत. नेहमीचे पंच घेतले की उलटतपासात पंचनामा कसा उभा फाटतो, हे इथे प्रत्यक्ष प्रश्न विचारून दाखवतात. चार जबाबांपैकी दोनांवर साक्षीदारांच्या सह्या आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ प्रमाणे पोलिसांपुढच्या जबाबावर सही घ्यायची नसते, आणि ही चूक दहातल्या आठ जणांच्या नजरेतून सुटली. सही दिसली की कागद पक्का, ही आपली सवय.

व्हिडिओचा भाग नेटका आहे. झडती-जप्तीचे चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली, त्यानंतर साक्ष्य अधिनियमाच्या ६३(४) चे प्रमाणपत्र. भाग अ उपकरण सांभाळणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि हॅश मूल्य (फाईलचा डिजिटल ठसा) दोन्हीकडे. फाईलमधला व्हिडिओ आधी व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलाय आणि हॅश नंतर काढलाय. पाठवताना फाईल दाबली जाते, म्हणून मूळ फोनवरच्या फाईलशी तो हॅश जुळणारच नाही. लॅपटॉपवर दोन्ही हॅश काढून दाखवल्यामुळे शंका उरली नाही.

आता खटकलेले. छापील टिपणे जुनी आहेत. १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले, तरी तिसऱ्या आणि सातव्या बैठकीच्या टिपणांत अजून ‘सीआरपीसी ४१-अ’, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम, आहे. त्याहून गंभीर म्हणजे अटकेचा लेखी आधार देण्याचा विषय दहा मिनिटांत उरकला. अटक फॉर्मवर ‘तपासकामी, पुरावा नष्ट करू नये म्हणून’ अशी ओळ असते. ती कुणालाही लागू पडणारी कारणे झाली. या हमालाविरुद्ध नेमके काय आहे, तो आधार झाला. आधार लेखी द्यायचा हे २०२३ च्या पंकज बन्सल निकालाने सांगितले, आणि २०२४ च्या प्रबीर पुरकायस्थ निकालाने हाच फरक स्पष्ट केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व गुन्ह्यांसाठी हा आधार अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत लेखी द्यायला सांगितला. अटकेच्या वेळी देणे जमले नाही तर रिमांडला उभे करण्यापूर्वी किमान दोन तास तरी द्यायचा. असा मराठी नमुना लिहून घेण्याचा सराव इथे हवाच होता, आणि नेमका तोच नाही.

अटक आणि कोठडीबद्दलच्या डी. के. बसू निकालाच्या अकरा सूचना भिंतीवर आहेत. पण कोठडीतल्या माणसाची वैद्यकीय तपासणी दर ४८ तासांनी की २४, यावर वर्गात गोंधळ झाला (४८ बरोबर). सांगलीत कोठडीचा विषय घाईत उरकणे पटत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये इथल्या शहर पोलीस ठाण्यातल्या कोठडीत तरुणाचा मृत्यू झाला, मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचा आरोप झाला आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा सीसीटीव्हीचा आदेश, म्हणजे कोठडी, तिच्या बाहेरचा भाग, व्हरांडा, मागची बाजू इथे कॅमेरे आणि शक्यतो १८ महिन्यांची साठवण, हा त्या संदर्भात कलमवार शिकवला तर माणसे विसरणार नाहीत.

वकिलांची बाजू अगदीच तोकडी. बार कौन्सिलच्या नियमांत फिर्यादी पक्षाच्या वकिलाबद्दल स्पष्ट लिहिलेय: निरपराधाला शिक्षा होईल असे काम चालवू नये आणि निर्दोषत्व दाखवणारे काहीही दडवू नये. फाईलमध्ये एक जबाब असा आहे की हमाल त्या रात्री मिरजेला लेकीकडे होता. तो दोषारोपपत्राच्या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२१ च्या आदेशाप्रमाणे, ज्यांवर भिस्त नाही अशा कागदांचीही यादी आरोपीला द्यायची असते. इतका सुंदर धागा हातात असताना शिक्षकांनी तो सोडून दिला. ‘या आरोपीचे वकीलपत्र कुणी घेऊ नये’ असे ठराव बेकायदेशीर असल्याचा २०१० चा मोहम्मद रफी निकाल तर नुसता नावापुरता आला. तुरुंग आणि सरकारी डॉक्टर यांना मिळून अर्धी बैठक.

तरीही ४,५०० रुपये वाया जात नाहीत. तुरचीच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्या मुलाने हळदीची ही फाईल एकदा तरी सोडवावी. अनुभवी वकिलांना मात्र पहिल्या चार बैठका संथ वाटतील. कराडहून येणाऱ्यांनी वेळापत्रक आधी पाहावे, रविवारची बैठक साडेसहाला सुटते. येताना तिन्ही नव्या कायद्यांची मराठी प्रत सोबत ठेवा, वर्गात फक्त दोन प्रती आहेत. टिपणांतली जुनी कलमे पहिल्या दिवशीच पेन्सिलने बदलून घ्या: ४१-अ च्या जागी ३५(३), १६२ च्या जागी १८१, आणि पुराव्याच्या २५ ते २७ च्या जागी २३.