टीकप पॉम आणि उणे चाळीस ग्रॅम

ठाण्यात घोडबंदर रोडला पेट शॉपची रांगच लागली आहे. त्यातल्या एका दुकानाबद्दल लिहितोय. नाव देत नाही, पण ‘टीकप पॉम’, म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढं पॉमेरेनियन कुत्रं, शोधत फिरणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जे दिसलं ते सविस्तर देतो.

मी वैधमापन शास्त्र खात्यातला निवृत्त निरीक्षक. जुने लोक वजनमापे खातं म्हणायचे, तेच. त्यामुळे कुठल्याही दुकानात शिरलो की माल नंतर दिसतो, काटा आधी. भाचीने एक रील पाहिलं होतं: चहाच्या कपात बसलेलं पिल्लू आणि खाली ‘२ किलोच्या वर जाणार नाही, गॅरंटी’. “मामा, तू चल. तू बरोबर असलास की दुकानदार नीट बोलतात,” म्हणाली. गेलो.

दुकान दुमजली. खाली खाणं, पट्टे, खेळणी, मांजरांची वाळू; वर ग्रूमिंग आणि पिल्लं. स्वच्छता चांगली आहे. ग्रूमिंग काचेतून दिसतं, हे मला फार आवडलं. एक पोरगा शित्झूच्या कानामागच्या गाठी कात्री न लावता बोटांनी सोडवत होता आणि कुत्रं अर्धवट झोपलं होतं. अंघोळ, केस, नखं मिळून १,२०० रुपये, छापील बिलासकट. पार्किंग मात्र नाही. सर्व्हिस रोडला गाडी लावलीत तर टोइंगवाले उचलतील, रिक्षाने जा.

पिल्लांचा विभाग म्हणजे वेगळंच प्रकरण. भिंतीवर लॅमिनेट केलेलं दरपत्रक. टॉय पॉम ३५,०००. मिनी टॉय ५०,०००. टीकप ७५,०००. त्याखाली ‘मायक्रो टीकप’ आणि किमतीच्या जागी ‘फोन करा’. प्रत्येकापुढे दोन महिन्यांच्या पिल्लाचं वजन ग्रॅममध्ये: ५०० किंवा जास्त असेल तर मिनी टॉय, त्याच्या आत टीकप. उभ्या नोकरीत मी जे दुकानदार पकडले ते सगळे वजन फुगवणारे. कांद्याच्या वखारीपासून सोन्याच्या पेढीपर्यंत सगळ्यांच्या काट्याचा कल एकाच बाजूला. इथे जितकं कमी भरेल तितका भाव जास्त. असला धंदा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

म्हटलं, पिल्लू वजन करून दाखवा. स्वयंपाकघरात असतो तसला इलेक्ट्रॉनिक काटा, वर प्लॅस्टिकची टोपली, टोपलीत टॉवेल. पोराने पिल्लू ठेवलं. आकडा हलत हलत ४६० वर थांबला. भाचीने फोटो काढला. पोराने पिल्लू उचललं आणि मी रिकाम्या टोपलीचा आकडा पाहिला: उणे ४०. म्हणजे शून्य लावलं तेव्हा टोपलीत काहीतरी जास्तीचं होतं आणि पिल्लू खरं ५०० ग्रॅमचं होतं. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. जाड टॉवेल धुवायला गेला, पातळ आला, कोणी शून्य परत लावलं नाही, असंही होतं. पण त्या चाळीस ग्रॅमनी पिल्लू वरच्या दरात गेलं, आणि फरक २५,००० रुपयांचा.

काट्यावर मुद्रांकनाचा, म्हणजे खात्याने तपासल्याचा, शिक्का नव्हता. मालक आले. त्यांना म्हटलं, व्यवहारात वापरायचा इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. ते हसले. “काका, आम्ही कुत्रं किलोवर विकत नाही.” मी भिंतीवरच्या ग्रॅमकडे बोट दाखवलं. त्यांनी चहा मागवला.

आता मापाचं बोलतो, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. टीकप, मायक्रो, पॉकेट हे आकार कुठल्याही नावाजलेल्या केनेल क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या, मानकात नाहीत. पॉमेरेनियन म्हणजे पॉमेरेनियन. अमेरिकन केनेल क्लब त्याला ३ ते ७ पौंड देतो, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. ब्रिटनच्या केनेल क्लबचं मानक आणखी आखूड: नर १.८ ते २ किलो, मादी २ ते २.५. हो, मादी नरापेक्षा जड. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेची तऱ्हा निराळी. ती पॉमची खांद्यापाशी उंची धरते, २१ सेंटिमीटर, तीन इकडे किंवा तिकडे; वजन त्या उंचीला शोभेल एवढं असलं की झालं. पण चिवावा आला की तीच संस्था उंची बघत नाही, नुसतं वजन बघते, आणि ३ किलोच्या वर गेलेला बाद करते. यॉर्कशायर टेरियरला मर्यादा ३.२ किलोची. टॉय पूडलला अमेरिकेत पुन्हा पट्टी: १० इंचांच्या आत. एकाच पॉमला एका देशात काट्यावर चढवतात आणि दुसऱ्या देशात पट्टीने मोजतात, यावर आमच्या खात्याने दहा परिपत्रकं काढली असती.

हे सगळे आकडे मात्र पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचे आहेत. दोन महिन्यांच्या पिल्लाचं माप कुठल्याच मानकात नाही. टॉय, म्हणजे मुळातच लहान चणीच्या, जातीचं पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांच्या सुमारास शेवटच्या वजनाच्या निम्म्यावर येतं असा ब्रीडर लोकांचा ठोकताळा असतो, आणि तो ठोकताळाच. काही अंदाज बांधायचाच तर आईबापांचं वजन, आधीच्या वेतातली पिल्लं किती भरली, या पिल्लाच्या आठवड्याच्या नोंदी, एवढं हाताशी पाहिजे. इथे यातलं काहीही नव्हतं. पिल्लू हलकं असतं ते आईबाप लहान चणीचे म्हणून, किंवा वेतात ते मागे पडलं म्हणून, किंवा मुळात त्याचं वयच कमी म्हणून. यातलं कुठलं, ते दरपत्रकावरून कळत नाही. वय विचारलं तर पोरगा म्हणाला दोन महिने, मालक म्हणाले पावणेदोन. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, हे मी सांगितल्यावर मालकांचे पण दोन महिने झाले.

हे सगळं खरं, पण त्या पोराने पिल्लू माझ्या तळहातावर ठेवलं तेव्हा मी पुढचा प्रश्न विसरलो. पोट गरम, नखं तांदळाच्या कणीएवढी, काळीज इतकं भरभर चाललेलं की माझ्या मनगटापर्यंत जाणवत होतं. त्याने माझ्या अंगठ्यावर हनुवटी टेकली आणि झोपलं. मोठं कपाळ, चेहऱ्यात खाली बसवलेले डोळे, आखूड तोंड. असं रूप दिसलं की माणसाला ते सांभाळावंसं वाटतं, हे प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लॉरेन्झने १९४३ मध्येच मांडून ठेवलंय. मांडून ठेवल्याने काही फरक पडत नाही. भाची माझा फोटो काढत होती आणि मालक गप्प उभे होते. धंदा कळतो त्यांना.

ही हौस जुनीच आहे म्हणा. व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा पॉम आणला आणि लहान पॉमचं वेड इंग्लंडभर पसरलं. तो मार्को १२ पौंडांचा होता, साडेपाच किलोच्या आसपास. आज तो डॉग शोमध्ये पॉमच्या रिंगणात उभा राहिला तर परीक्षक बाहेर काढतील. मालकांनी मात्र पर्लचा दाखला दिला: फ्लोरिडातली चिवावा, ९.१४ सेंटिमीटर उंच, ५५३ ग्रॅम, गिनीज बुकात नाव. “बघा काका, होतात एवढी लहान.” अहो, सगळी तशी होत नाहीत म्हणूनच ती त्या बुकात आहे.

पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवताना मधोमध एक जागा मऊ लागली, तान्ह्या मुलाची टाळू असते तशी. पोरगा म्हणाला, भरून येईल. आमच्या सोसायटीत एक पशुवैद्य राहतात, त्यांना नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, टॉय जातींत टाळू उघडी राहिलेली दिसते. पुष्कळदा नुसती तेवढीच असते, कधी मेंदूत पाणी साठल्याची खूण असते, म्हणून दाखवून घ्यावं. त्याहून त्यांचा भर खाण्यावर होता. एवढ्याशा जिवाच्या यकृतात साखरेचा साठा नावापुरता. दोन जेवणांत अंतर पडलं की साखर उतरते, पिल्लू झिंगल्यासारखं चालतं, आडवं होतं. तेव्हा हिरड्यांना मध चोळायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. सोफ्यावरून उडी मारली तरी पुढच्या पायाचं हाड मोडतं. गुडघ्याची वाटी सरकते. श्वासनळी नाजूक, म्हणून गळ्यात पट्टा नको, छातीला हार्नेस. दुकानाने यातलं एक अक्षर सांगितलं नाही. उलट पिल्लाबरोबर घुंगराचा पट्टा फुकट देत होते.

हार्नेसचा विभाग मात्र उत्तम आहे, हेही लिहिलं पाहिजे. एक्सएक्सएस, एक्सएस यांवर भरवसा न ठेवता तिथली मुलगी टेपने छातीचा घेर घेते, दोन बोटं आत जातात का बघते आणि मगच माल काढते. कारण एका कंपनीचा एक्सएस दुसरीच्या एक्सएक्सएसएवढा निघतो. त्या अख्ख्या दुकानात बरोबर मोजणारी तेवढी एकच.

शेवटी मी मालकांना एवढंच म्हटलं, की रीलमधली गॅरंटी बिलावर लिहून द्या: पूर्ण वाढ झाल्यावर २ किलोच्या आत. “काका, असं कोणी लिहून देत नाही.” मग ब्रीडरचं नाव-पत्ता द्या. “सप्लायरकडून येतं.” जन्मतारीख? मायक्रोचिप? केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद? “कागद हवे तर पंधरा हजार वेगळे.” दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर उत्पादकाचा पत्ता, महिना, निव्वळ वजन आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापावा लागतो. ७५,००० च्या जिवंत प्राण्याला साधी चिठ्ठी, आणि तिच्यावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.

घेतलं नाही. भाची रिक्षात बराच वेळ बोलली नाही माझ्याशी. पुढे तिला नाशिकला एका घरी वाढलेलं पिल्लू मिळालं. आई समोर अंगणात, २.३ किलोची, हाताला चाटणारी. पिल्लाला पंधरा आकडी चिप, कागद किमतीतच. त्याला कोणी टीकप म्हटलं नाही. आता तो वर्षाचा आहे, माझ्या घरच्या काट्यावर २.८ भरतो, आणि आंघोळीला त्याच घोडबंदरच्या दुकानात जातो, त्याच पोराकडे.

ग्रूमिंगला चार तारे. हार्नेसला पाच. पिल्लांच्या विभागाला एक, कारण शून्य देता येत नाही. दरपत्रक अजून भिंतीवर आहे. काटा परवा बघितला, नवा आणलाय, शिक्का त्याच्यावरही नाही.