पर्सियस की हर्क्युलस? मुलांसाठी ग्रीक वीरकथा लिहिताना

ग्रीक वीराची गोष्ट मुलांसाठी मराठीत लिहायची म्हटलं की शेवटी निवड या दोघांतच होते. थीसियस भूलभुलैयातून बाहेर येईपर्यंत झकास चालतो; पुढे तो, त्याला बाहेर काढणाऱ्या आरियाडनीलाच नॅक्सॉस बेटावर टाकून जातो आणि मुलींच्या मनातून साफ उतरतो. जेसनची गोष्ट स्वतःच्या मुलांना मारणाऱ्या त्याच्या बायकोपाशी, मेडियापाशी अडते. राहिले पर्सियस आणि हर्क्युलस. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत आणि लिहिण्याआधी आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना सांगून पाहिल्या आहेत. रंगतात दोन्ही.

हर्क्युलसचं पारडं सुरुवातीलाच जड असतं. मुलांना नाव ओळखीचं, आईवडिलांना तर सायकलमुळे पाठच. शिवाय राजा युरिस्थियस त्याला एकामागून एक बारा अवघड कामं सांगतो, त्या गोष्टीत हशा भरपूर. ऑजियसचा वर्षानुवर्षं न काढलेला शेणगोठा आणि त्यात वळवलेल्या दोन नद्या, हा भाग मुलं पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. त्याहून भारी प्रसंग रानडुकराचा. हर्क्युलस जिवंत डुक्कर खांद्यावर टाकून राजापुढे उभा, आणि युरिस्थियस महाराज जमिनीत पुरलेल्या रांजणात दडलेले, वर फक्त डोकं आणि हात. प्राचीन ग्रीक कुंभांवर हा प्रसंग अनेकदा रंगवलेला आहे, म्हणजे तेव्हाही लोक यावर हसत असणार. चित्रकाराला हे पान द्या, तो खूश होईल.

माझी गाडी अडली ती एका प्रश्नावर: एवढा ताकदवान माणूस या भित्र्या राजाचं का ऐकतो?

प्रश्न सुरुवातीला एकदा येऊन गेला असता तर निभावलं असतं. पण गोष्टीची घडणच अशी आहे की प्रत्येक काम संपलं की हर्क्युलस परत युरिस्थियसकडे हजर, आणि प्रश्नही त्याच्यामागोमाग हजर. खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. देवांचा राजा झ्यूस याची राणी हेरा हिने त्याला वेड लावलं, त्या भरात त्याने स्वतःची मुलं मारली, आणि डेल्फीच्या देववाणीने प्रायश्चित्त म्हणून ही चाकरी सांगितली. आठ वर्षांच्या मुलाला, बहुधा झोपायच्या वेळी, बापाने मुलांना मारल्याचं सांगायचं का? मला नाही जमलं. ‘त्याच्या हातून मोठा अपराध झाला’ असं मोघम सांगितलं, तर पुढचा प्रश्न ‘कोणता?’

पळवाटा आहेत, आणि त्या जुन्याच आहेत. युरिपिडीसने सुमारे इ.स.पू. ४१६च्या नाटकात मुलांची हत्या सगळ्या कामांनंतर घातली आहे. तिथे हर्क्युलस राबतो तो त्याला वाढवणाऱ्या बापाला, अँफिट्रियॉनला, मायदेशी परतता यावं म्हणून. होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याच्या १९व्या सर्गात वेगळंच कारण: आज जन्मणारा माझा वंशज राज्य करील, अशी शपथ हर्क्युलसचा बाप झ्यूस त्याच्या जन्माच्या दिवशी घेतो आणि हेरा लबाडीने झ्यूसच्याच वंशातल्या युरिस्थियसला आधी जन्माला आणते. हे मुलांना लगेच पटतं, कारण धाकटेपणाचा अन्याय त्यांना घरीच माहीत असतो. मग दुसरीकडे उसवतं. चाकरी जन्माचीच, तर कामं मोजायची कशाला? आणि मोजणीतच तर खरी मजा आहे: हायड्रा या अनेक डोक्यांच्या सापाच्या वेळी पुतण्याने मदत केली म्हणून ते काम बाद, गोठ्याची मजुरी ठरवली म्हणून तेही बाद, आणि दहाची बारा झाली. प्रायश्चित्त काढलं की या चिकटपणाला अर्थच उरत नाही.

पर्सियसच्या गोष्टीत हे झंझट नाही. राजा पॉलिडेक्टीस आईच्या मागे लागलाय, मुलगा आड येतोय, म्हणून राजाने त्याला मेडुसाचं, जिच्याकडे पाहणाऱ्याचा दगड होतो त्या राक्षसिणीचं, डोकं आणायला धाडलं. का, हे कोणी विचारत नाही. आपल्या मुलांना तर पायवाट आधीच मळलेली असते. नातवाच्या हातून मरण आहे हे कळल्यावर लेकीला कोंडणारा अक्रिसियस म्हटलं की कोणीतरी ‘कंस!’ ओरडतं, आणि लेक व तान्हा पर्सियस यांची पेटी लाटांवर सोडली की कर्ण आठवतो. दिवाळीच्या सुमारास रात्री उत्तरेकडे हीच मंडळी दाखवताही येतात: आपली शर्मिष्ठा म्हणजे त्यांची राणी कॅसिओपिया, देवयानी म्हणजे तिची लेक अँड्रोमिडा, जिला पर्सियस वाचवतो, आणि ययाती म्हणजे पर्सियस. ययातीतला एक तारा, अल्गॉल, हे मेडुसाचं डोकं. तो सुमारे २ दिवस २१ तासांनी मंदावतो.

अडचणी इथेही आहेतच. झ्यूस सोन्याचा पाऊस होऊन कोंडलेल्या लेकीकडे येतो, त्या पावसाचं मी छतातून उतरलेला सोनेरी उजेड करून टाकतो, कोणी हटकलेलं नाही. मेडुसावर देवळात अत्याचार झाल्याची कथा रोमन कवी ओव्हिडची. त्याच्या कितीतरी आधीच्या ग्रीक कवी हेसिओडकडे ती तीन गॉर्गन बहिणींतली एकटी मर्त्य. लहानांसाठी मी हेसिओड धरतो, आणि हे खोटं नाही. खरा आक्षेप वेगळा. उडायच्या चपला उसन्या, अदृश्य करणारी टोपी उसनी, आणि मारलं तेही झोपेत. यात पर्सियसचं शौर्य ते काय? याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. पर्सियस ढालीतल्या प्रतिबिंबात पाहत मेडुसाजवळ गेला, तसं स्टीलचं ताट आरशासारखं समोर धरून मुलांना पाठमोरं चालायला सांगा, उजवं-डावं उलटतं, पाय चुकतात, आणि वाद तात्पुरता मिटतो.

शेवटही याचाच नेटका. डोकं दाखवून दुष्ट राजाचा दगड, वस्तू ज्याच्या त्याला परत, आणि लॅरिसाच्या खेळांत सुटलेली थाळी नेमकी गर्दीतल्या आजोबांना, म्हणजे अक्रिसियसला. जुना कथासंग्राहक अपोलोडोरस याच्या मते ती पायाला लागते. मी पाय गाळतो, नाहीतर ‘पायाला लागून कोण मरतं?’ यावर पंधरा मिनिटं जातात.

तुमच्याकडे मासिकाचं वर्षभराचं सदर असेल तर हर्क्युलसला तोड नाही. महिन्याला एक काम, हिशेब आपसूक जुळतो. फक्त पहिल्या भागाआधी चाकरीचं कारण पक्कं करा आणि बाराव्यापर्यंत बदलू नका. वाचक बारा-तेरा वर्षांचे असतील तर खरं कारणच सांगा, त्या वयात ते पेलतं. पण एका बैठकीत संपणारी गोष्ट हवी असेल, श्रोते लहान असतील, तर मी दरवेळी पर्सियसच उचलतो. तेवढी टोप्या-चपलांवरची कुरकुर ऐकून घ्यायची तयारी ठेवा.