एक इंची सेन्सर की लांब झूम? मुंबईत कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताना

फोर्टातल्या बोरा बाजारात कॉम्पॅक्ट कॅमेरा मागितलात की दोन जातींचे कॅमेरे समोर येतात. पहिली जात लांब झूमची: कॅननचा एसएक्स७४० एचएस, सोनीचा एचएक्स९९ किंवा त्याआधीचा एचएक्स९०व्ही. दुसरी एक इंची सेन्सरची: कॅननचे जी७एक्स मार्क २ आणि मार्क ३, सोनीची आरएक्स१०० मालिका. आकाराने सगळे जवळपास सारखेच, शर्टाच्या नाही तरी पँटच्या खिशात मावणारे. मेगापिक्सेलही १८ ते २० च्या घरात. त्यामुळे डब्यावरचे आकडे वाचून काहीच ठरत नाही आणि बहुतेक जण शेवटी झूमचा मोठा आकडा पाहून पैसे मोजतात.

निवड करायची तर आपण आजवर काढलेले फोटो चाळा. ज्यांची मनापासून आठवण ठेवावीशी वाटते, ते फोटो संध्याकाळी सातनंतर, घरात, चार मीटरच्या आतले आहेत का? मग एक इंची घ्या. ते दिवसाउजेडी, तीस मीटरच्या पलीकडचे आहेत का? मग लांब झूम घ्या. पुढचा सगळा हिशोब या एका फरकातून निघतो.

सेन्सर आणि घरातला उजेड

लांब झूमच्या कॅमेऱ्यातला १/२.३ इंची सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी असतो, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस मिमी. ‘एक इंची’ म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे ११६ चौरस मिमी. चौपट. तेवढ्याच उजेडात, तेवढ्याच अपर्चरला (लेन्सचं तोंड तेवढंच उघडं ठेवून) चौपट प्रकाश गोळा होतो. फोटोग्राफीच्या हिशोबात हे दोन स्टॉप झाले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट).

त्यात लेन्सचा फरक मिळवा. जी७एक्स मार्क २ ची लेन्स वाइडला (झूम पूर्ण मागे असताना) एफ १.८ उघडते, एसएक्स७४० ची एफ ३.३ आणि एचएक्स९९ ची एफ ३.५; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. हे आणखी जवळजवळ दोन स्टॉप. एक उदाहरण घ्या. ट्यूबलाइटच्या साध्या उजेडात जेवणाच्या पंगतीचा फोटो. माणसं बोलताहेत, हात हलताहेत, म्हणून शटर १/१६० सेकंद हवा. एफ १.८ ला हे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० वर जमतं. एफ ३.५ ला आयएसओ ३२०० लागतो. आणि लहान सेन्सरवरचा आयएसओ ३२०० दाण्यांच्या बाबतीत एक इंचीच्या १२८०० ची बरोबरी करतो. गाल मेणासारखे गुळगुळीत, पैठणीचे काठ एकमेकांत मिसळलेले, केसांचा एक काळा पट्टा: हे त्या आयएसओचे परिणाम, फोटो काढणाऱ्याचा त्यात काही दोष नाही.

मात्र एक इंचीचा फायदा झूम केल्यावर टिकतोच असं नाही, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. जी७एक्स मार्क २ शंभर मिमीला (लेन्सच्या पोचेचे सगळे मिमी ३५ मिमी फिल्मच्या हिशोबात) एफ २.८ राहतो. २०१२ चा पहिला आरएक्स१०० शंभरला एफ ४.९ वर येतो, म्हणजे घरात चेहरा जवळ ओढला की लेन्सची सगळी कमाई गेली. २०१४ च्या आरएक्स१०० मार्क ३ ची लेन्स सत्तर मिमीपर्यंतच जाते, पण तिथेही एफ २.८ देते. घरच्या समारंभांसाठी घेत असाल तर जुन्यांत मार्क ३ किंवा जी७एक्स मार्क २ बघा, पहिला आरएक्स१०० नको.

सेटिंग असं ठेवा. एक इंचीवर ए मोड (अपर्चर आपण ठरवायचं; कॅननवर एव्ही), अपर्चर १.८ ते २.८, ऑटो आयएसओची वरची मर्यादा ३२००. मेनूमध्ये ऑटो आयएसओसाठी किमान शटर ठरवता येत असेल तर १/१२५. येत नसेल तर एस मोडमध्ये (शटर आपण ठरवायचा; कॅननवर टीव्ही) सरळ १/१२५ लावा. लांब झूमवर आयएसओची मर्यादा ८००, झूम पूर्ण मागे, आणि चार पावलं पुढे जाऊन फोटो. झूम केलात की एफ ३.३ चा बघता बघता ५ होतो आणि उरलासुरला प्रकाशही जातो.

एलईडी माळा आणि स्वस्त एलईडी दिवे फोटोत आडवे पट्टे आणतात. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि ‘सायलेंट’ किंवा इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा.

फ्लॅशबद्दल थोडं. समोरून मारलेला फ्लॅश चेहरा सपाट करतो आणि मागची खोली काळी पाडतो. आरएक्स१०० च्या पहिल्या मॉडेल्सचा वर येणारा फ्लॅश बोटाने हलकेच मागे धरला की उजेड छतावर आदळून खाली उतरतो. फ्लॅटचं पांढरं, बुटकं छत यासाठी उत्तम. आयएसओ ८०० ठेवा, नाहीतर उजेड पुरत नाही. लांब झूमवाल्यांनी फ्लॅश दुपारी वापरावा. भर उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडतात, तेव्हा दीड-दोन मीटरवरून मारलेला फ्लॅश त्या भरून काढतो.

मोदक: इथे लहान सेन्सर पुढे

ताटातला उकडीचा मोदक दहा सेंटिमीटरवरून टिपायचा आहे. एक इंची एफ १.८ वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोलीपर्यंत नीट फोकस देतो: पुढची एक कळी धारदार, मोदकाचं नाकसुद्धा पुसट, मागची तुपाची वाटी ओळखू येत नाही. एफ ५.६ केलं तर खोली साधारण दीड सेंटिमीटर होते, पण प्रकाश दहापटीने घटतो. लहान सेन्सर तेवढीच दीड सेंटिमीटर खोली एफ ३.३ लाच देतो. शिवाय एसएक्स७४० वाइडला अगदी एक सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो. दागिने, रांगोळी, पदार्थ, पानावरचा किडा असे फोटो खिडकीच्या उजेडात काढणाऱ्याला महाग कॅमेऱ्याची गरज नाही. गरम मोदकाची वाफ मात्र लेन्सच्या काचेवर बसते. कॅमेरा वरून न धरता बाजूने धरा.

खाडीतले रोहित

ठाणे खाडीत साधारण नोव्हेंबर ते मे रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, असतात. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळा पाहून बोटी सुटतात. पक्षी दूर असतात, बोट हलत असते, आणि इथे दोन्ही कॅमेऱ्यांची तुलना एका बाजूला पूर्ण झुकते.

एसएक्स७४० ची पोच ९६० मिमी. जी७एक्सची १००. जी७एक्सचा फोटो कापून तेवढाच पक्षी मिळवायचा तर २० मेगापिक्सेलमधले ०.२ उरतात. २४–२०० लेन्सच्या आरएक्स१०० मार्क ७ चेही १ मेगापिक्सेलच्या आत. सेन्सर कितीही चांगला असला तरी एवढ्यात चोच आणि मान वेगळी दिसणार नाही.

पण झूम आहे म्हणून फोटो आपोआप येत नाही. ९६० मिमीला लेन्स एफ ६.९ वर असते. ऑटो मोड सकाळी शटर १/१२५ वर नेतो आणि स्टॅबिलायझर चालू असूनही गुलाबी ठिपके फरफटतात, कारण स्टॅबिलायझर फक्त तुमच्या हाताचं हलणं सावरतो, पक्ष्याचं नाही. टीव्ही मोडमध्ये शटर १/६४०, आयएसओ ऑटो. ऊन वर आल्यावर कॅमेरा २०० ते ४०० मध्ये काम भागवेल. डिजिटल झूम मेनूतून कायमचा बंद करा, तो फक्त फोटो कापून फुगवतो. पक्षी फ्रेममधून निसटला तर झूम मागे घेऊन पुन्हा शोधण्यात वेळ जातो. एसएक्स७४० वर त्यासाठी फ्रेमिंग असिस्टचं बटण आहे: दाबून धरलं की दृश्य रुंद होतं, सोडलं की झूम जागेवर येतो. एचएक्स९९ ला वर येणारा व्ह्यूफाइंडर आहे. डोळ्याला टेकवलेला कॅमेरा हात लांब करून धरलेल्यापेक्षा पुष्कळ स्थिर राहतो, आणि उन्हात स्क्रीन दिसत नाही तेव्हाही तोच कामाला येतो. एसएक्स७४० ला व्ह्यूफाइंडर नाही. रॉ फाइलही (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) एसएक्स७४० देत नाही, एचएक्स९९ देतो. आमची पसंती म्हणूनच एचएक्स९९ ला, जरी त्याची पोच ७२० वरच थांबते. सकाळ लवकर गाठा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांब झूमवर सगळंच विरघळल्यासारखं दिसतं. त्यावर कुठलंही सेटिंग चालत नाही.

लांब झूमवर अपर्चर बंद करायच्या भानगडीत पडू नका. ‘एफ ८ ला फोटो धारदार येतो’ हा मोठ्या कॅमेऱ्यांचा नियम. एवढ्या छोट्या सेन्सरवर एफ ६ च्या पुढे प्रकाश स्वतःच पसरून तपशील खातो. अपर्चर पूर्ण उघडंच ठेवा. एक इंचीवर सर्वांत चांगली धार एफ ४ ते ५.६ ला मिळते.

कॅमेरा टेकवलात तर फरक मिटतो

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत किंवा मरीन ड्राइव्हची दिव्यांची रांग. सूर्य बुडाल्यावर १५ ते २५ मिनिटांत आकाश गडद निळं असतं आणि दिवे लागलेले असतात. आपल्याकडे संधिप्रकाश लवकर सरतो, म्हणून आधीच जागा धरा. कट्ट्यावर दुमडलेला रुमाल, त्यावर कॅमेरा, आयएसओ सर्वांत खालचा, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर बंद, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) उणे ०.७. शटर एक-दोन सेकंद उघडा राहतो, प्रकाश हवा तेवढा मिळतो, आणि लहान सेन्सरचा फोटोही स्वच्छ येतो. दिव्यांच्या भोवतीचा भाग लवकर पांढरा होतो एवढीच त्याची उणीव. ज्यांचा ओढा इमारती आणि रात्रीच्या शहराकडे आहे, त्यांनी सेन्सरसाठी जास्तीचे पैसे घालण्याआधी तळव्याएवढा ट्रायपॉड घेऊन पाहावा.

फोनशी तुलना करायची तर तीही इथेच. अलीकडचा बरा फोन अनेक फ्रेम जोडून स्थिर दृश्य हातातच सुंदर काढतो. हलणारी माणसं, खरा झूम आणि फ्लॅश इथे कॉम्पॅक्ट पुढे जातो.

विसर्जन, पाऊस, दमट हवा

गुलाल किंवा पावसात फ्लॅश लावला की फोटोभर पांढरे गोळे येतात. कॉम्पॅक्टचा फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, त्यामुळे लेन्सपुढचा प्रत्येक कण उजळून थेट आत दिसतो. फ्लॅश बंद करा. मिरवणुकीच्या हॅलोजनमध्ये मूर्ती पुरेशी उजळलेली असते, उलट मुकुट पांढरा पडू नये म्हणून उणे ०.७ लागतं. इथे एक इंची सरस.

पण दोन्ही जातींना एकच दुखणं: बाहेर येणारी लेन्स. ती पुढे सरकताना हवा आत ओढते, हवेबरोबर गुलाल, जुहूची वाळू आणि दमटपणाही. वाळूचा एक कण नळीत अडकला की ‘लेन्स एरर’ येते आणि कॅमेरा उघडल्याशिवाय सुटत नाही. किनाऱ्यावर कॅमेरा चालू करून खिशात ठेवू नका, नि वाळूवर तर कधीच ठेवू नका. मुख्यतः पावसात आणि पाण्यातच फोटो काढायचे असतील तर हे दोन्ही पर्याय सोडा आणि ऑलिंपसचा टीजी-६ पाहा. तो १५ मीटर खोल पाण्यात चालतो, आणि लेन्स बाहेर येत नाही.

एसी लोकलमधून किंवा एसी खोलीतून पावसाळी हवेत कॅमेरा काढला की थंड काचेवर बाष्प बसतं. बाहेर पडण्याआधी तो झिप पिशवीत बंद करा आणि २० ते ३० मिनिटांनी काढा. जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून वाळवावे लागतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. आठवड्यातून एकदा कॅमेरा काढून वापरला तर बुरशी सहसा धरत नाही.

जुना घेताना

मुंबईतला वापरलेला कॅमेरा चार पावसाळे पाहिलेला असतो हे धरूनच चला. दुकानात चार गोष्टी करा. एक इंचीवर अपर्चर एफ ११ करून पांढरी भिंत किंवा आकाश टिपा आणि स्क्रीनवर मोठं करून पाहा. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि ती पुसायला पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो. मोबाइलचा टॉर्च लेन्समध्ये तिरका मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. समोरच्या इमारतीचा फोटो काढून चारही कोपरे ताडून पाहा. एकच कोपरा पुसट असेल तर कॅमेरा कधीतरी आपटला आहे. मग झूम दहा वेळा पुढे-मागे करा. त्या दरम्यान स्क्रीनवर रेघा आल्या तर आतली वायरची पट्टी झिजली आहे.

बॅटरीची मात्र चिंता नको. एसएक्स७४० आणि जी७एक्स दोघेही एनबी-१३एल वापरतात, एचएक्स९९ आणि आरएक्स१०० दोघेही एनपी-बीएक्स१. जी७एक्स मार्क २ एका चार्जवर अंदाजे २६५ फोटो देतो, त्यामुळे दुसरी बॅटरी लागतेच. ती फुगलेली नाही ना, हे सपाट टेबलावर ठेवून बघा: गोल गोल फिरली तर परत करा.