कूलंट प्रेशर टेस्टरचा हातपंप : आठ महिने वापरल्यावर

आधी तीन तारे दिले होते, आज चार करतोय. पाचवा एका रबरी वॉशरवर अडलाय, त्याचं खाली सविस्तर लिहितो.

कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या लाईनमध्ये हवा भरून गळती शोधायचा हा पंप. जूनमध्ये घेतला तो हौसेने नाही. दहा वर्षांची डिझेल गाडी, १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेली. दर दहा-बारा दिवसांनी कूलंटच्या बाटलीत अर्धा लिटर कमी. गाडीखाली थेंब नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही, गाडी तापतही नव्हती. तिसऱ्यांदा कूलंट भरताना सहज डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची पट्टी) ओढली, तर ऑईल दुधाळ, कॉफीसारखं, आणि वरच्या खुणेच्याही बोटभर वर चढलेलं. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या ऑईल झाकणाखाली थोडा पिवळट फेस धरतो. तो वाफेचा असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. इथे डिपस्टिकच सगळी माखली होती.

सर्व्हिस सेंटरने बॉनेट उघडून पाच मिनिटांत ‘हेड गॅस्केट गेलंय’ (म्हणजे सिलिंडरांवरचं हेड आणि खालचं इंजिन यांच्यातलं सील) सांगितलं आणि ६८ हजारांचा अंदाज हातात दिला. कोणती तपासणी केली विचारलं, तर उत्तर नाही. आकड्यापेक्षा याचाच राग आला, तो अजून गेलेला नाही. हेड एकदा उतरवलं की फेसिंग, नवे बोल्ट, टायमिंग, सगळं ओघानं येतं. एवढं करून दोष दुसरीकडेच निघाला, तर पैसे गेले आणि गळती तशीच. त्या दिवशी गाडी बंद करून ठेवली आणि ३,८५० रुपयांना हा पंप मागवला.

वापर सोपा आहे. इंजिन पूर्ण थंड असताना बाटलीचं झाकण काढून आपल्या मापाचं झाकण बसवायचं आणि गाडीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रेशरपर्यंतच हवा भरायची. माझ्या झाकणावर १.१ बार आहे, म्हणजे साधारण १६ पीएसआय. मी १५ वर थांबलो. दहा मिनिटांत काटा ९ वर! कुठे ओल नाही, थेंब नाही. म्हणजे आतच गळतंय, हेडच गेलंय, असं धरून मी जवळजवळ होकार कळवणार होतो.

मग गाडी ओढून उद्यमनगरात नेली. तिथले मिस्त्रीमामा तीस वर्षं डिझेल इंजिनच करतात. त्यांनी गाडीकडे बघायच्या आधी पंप हातात घेतला. “सर, आदी ह्यो गळतोय का बघा, मग गाडीला नावं ठिवा.” जोडाच्या कपलरवर साबणाचं पाणी सोडलं, तर कडेनं बारीक बुडबुड्यांची माळच फुटली. आतला वॉशर एका बाजूला चिरलेला होता. नव्याकोऱ्या पंपाचा! मामांनी डब्यातला दुसरा वॉशर बसवला, त्याचे १० रुपयेही घेतले नाहीत.

दुसऱ्या वेळी १५ वरून तासाभरात १३ आणि सकाळी ७. म्हणजे गळती खरी होती, पण सावकाश. रात्रभर गाडी उभी असल्याने मामांनी चेंबरचा (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीचा) बोल्ट पूर्ण न काढता फक्त सैल केला. कूलंट ऑईलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. आधी हिरव्या पाण्याची बारीक धार आली, वाटीभर तरी असेल, आणि मग ते कॉफीसारखं ऑईल. चेंबर उतरवून पुन्हा १५ भरले आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. थेंब सिलिंडरांकडून आला नाही, ऑईल फिल्टरच्या बाजूने आला. ऑईल कूलर (यात ऑईल आणि कूलंट पातळ पट्ट्यांच्या दोन बाजूंनी फिरतात) काढून, एक तोंड बंद करून बादलीत बुडवला, हवा दिली आणि मधल्या पट्टीतून बुडबुडे निघाले. हेडला पानाही लागला नाही.

निळ्या द्रवाची चाचणीही केली होती. हेड गॅस्केट फुटून धुरातला कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये येत असेल तर बाटलीवर धरलेला हा द्रव पिवळा पडतो. तो निळाच राहिला. पण नुसत्या तिच्यावर मी विसंबलो नसतो. डिझेल इंजिन आयडलिंगला असताना धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, त्यामुळे ती पेट्रोलइतकी ठाम नसते.

ऑईल कूलरचं दुखणं कळलं की बाकी सगळं जुळतं. इंजिन चालू असताना ऑईलचं प्रेशर तीन-चार बार आणि कूलंटचं जेमतेम एक, म्हणून ऑईल कूलंटमध्ये जातं. बंद केलं की ऑईलचं प्रेशर लगेच शून्य होतं, पण तापलेल्या कूलंटचं बराच वेळ टिकतं, आणि मग कूलंट ऑईलमध्ये उतरतं. बाटलीत टॉर्च मारली तेव्हा आतल्या काठाला तेलाचा तवंग दिसलाच. बाटली इतकी पिवळी पडली होती की बाहेरून कधी कळलं नाही.

चेंबर उतरलंच होतं म्हणून मामांनी एका कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग उघडून दाखवलं. ऑईलमध्ये मिसळलेलं कूलंट बेअरिंग खातं, ही माझी मुख्य भीती होती. बेअरिंग शाबूत निघालं आणि मी तिथेच स्टुलावर बसलो. नवा कूलर आणि गॅस्केट, मऊ पडलेला वरचा होज, कूलंटची लाईन दोनदा धुणं, साध्या ऑईलने एकदा इंजिन धुवून नवं ऑईल, ५०० किलोमीटरला पुन्हा बदल, दोन फिल्टर, मजुरी : एकूण २३,६००.

तेव्हापासून ६,४०० किलोमीटर झाले. बाटलीवर मार्करने केलेल्या खुणेवरून पातळी हललेली नाही. मेहुण्याच्या जीपचा वॉटर पंप गळत होता, तोही याच पंपाने दहा मिनिटांत सापडला. दोघांच्या गाड्या धरल्या तर पंपाचे पैसे कधीच वसूल झाले. तीनाचे चार तारे त्यामुळेच.

पण वॉशर. डिसेंबरमध्ये दुसराही चिरला. पेटीत १४ झाकणं आहेत, त्यातली मला दोन लागतात. सुटा वॉशर एकही नाही. काट्याची पट्टी ३५ पीएसआयपर्यंत आहे, त्यामुळे एका पीएसआयचा फरक डोळे ताणून वाचावा लागतो, तेही चालवून घेईन. पण गळती शोधायचं साधनच गळत असेल, तर घाबरलेला माणूस ६८ हजारांच्या कागदावर सही करतो. मी करणारच होतो. विकणाऱ्याने बारा झाकणं कमी द्यावीत आणि चार वॉशर द्यावेत, एवढंच मी त्यांना दोनदा लिहिलंय, उत्तर आलेलं नाही. तुम्ही घेतलात तर गाडीला लावायच्या आधी कपलरवर साबणाचं पाणी सोडा. मूळ वॉशर घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलात तर त्या मापाचा मिळतो. मी सहा आणून पेटीच्या झाकणात टेपने चिकटवलेत.