झोपेसाठीच्या गाबा कॅप्सूल : शास्त्र खरे, उपयोग संशयास्पद

सांगलीत विश्रामबागेतल्या एका औषध दुकानातून घेतलेल्या या बाटलीवर पुढच्या बाजूला ‘मेंदू शांत करणारे नैसर्गिक द्रव्य’ असे ठळक छापले आहे, तर मागे, डोळ्यांना ताण देणाऱ्या बारीक अक्षरांत, हे अन्नपूरक असून कोणत्याही रोगावरील उपचार नाही, असे म्हटले आहे. दोन्ही विधाने खरी आहेत; पहिले मात्र अर्धवट आहे.

प्रत्येक कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम गाबा, म्हणजे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, आणि थोडे बी-६ जीवनसत्त्व आहे. गाबा मेंदूत असते, हे १९५० मध्ये समजले. विश्रांत चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असतो आणि हा फरक पुरेसा घटला की पेशी संदेश सोडते. गाबा पेशीवरच्या ‘ए’ प्रकारच्या रिसेप्टरला, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटले, की त्यातली वाट उघडून ऋणभारित क्लोराइड आत शिरते आणि पेशीला संदेशाची पातळी गाठणे अवघड जाते. मज्जारज्जूत हेच काम मोठ्या प्रमाणावर ग्लायसिन हे दुसरे द्रव्य करते. हा लगाम सुटला की काय होते, ते धनुर्वातात दिसते: त्या जिवाणूचे विष ग्लायसिन आणि गाबा बाहेर पडूच देत नाही, त्यामुळे स्नायू ताठरतात आणि जबडा आवळला जातो.

इथवर लेबलाशी माझे भांडण नाही. परंतु मेंदू आपले गाबा स्वतःच, ग्लुटामेटपासून, जागच्या जागी तयार करतो. गिळलेले गाबा रक्तात पोहोचले तरी रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा ते फारसे ओलांडत नाही, आणि झोप लागेल इतके ते माणसाच्या मेंदूत पोहोचते, हे सिद्ध झालेले नाही. ‘सवय लागत नाही’ हा बाटलीवरचा दावाही मग फारसा कौतुकाचा उरत नाही. बी-६ची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ग्लुटामेटचे गाबा करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते लागतेच. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडचा अतिडोस झाल्यास झटके येतात आणि त्यावर बी-६ देतात, ते याचमुळे. पण रोज भाकरी, डाळ, केळी खाणाऱ्या निरोगी माणसाला त्याची उणीव सहसा नसते.

मला फरक जाणवला नाही. बाटलीचे झाकण घट्ट बसते आणि कॅप्सूलला वास येत नाही, एवढे तिच्या बाजूने लिहिता येईल. दुकानातली सेवा चांगली आहे; माझ्यापुढच्या गिऱ्हाइकाने डायझेपाम ही मन शांत करणारी, झोप आणणारी गोळी मागितली तेव्हा दुकानदारांनी “काका, चिठ्ठी असल्याशिवाय ती देता येत नाही” असे नम्रपणे, पण ठामपणे सांगितले. मात्र त्याच दमात त्यांनी ही बाटली पुढे केली, ते खटकले, कारण दोन्ही वस्तू एका कामाच्या नाहीत. डायझेपाम मेंदूत शिरते आणि तिथे असलेल्याच गाबाकडून क्लोराइडची वाट अधिक वेळा उघडवून घेते.

कॅप्सूलला पाचपैकी एक तारा, दुकानाला चार. डॉक्टरांनी लिहून दिलेली डायझेपाम किंवा त्याच गटातली क्लोनाझेपाम बंद करून तिच्या जागी ही कॅप्सूल घेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो सोडून द्यावा. दीर्घकाळ घेतलेल्या त्या गोळ्या एकदम थांबवल्या तर फेफरे येऊ शकते, म्हणून त्यांची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवतात.