टँकरचं विचारायचं राहिलं

पुण्यात तळजाई टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळीस फ्लॅटची सोसायटी. मी तिची सेक्रेटरी, कारण तीन वर्षं दुसरं कुणी उभंच राहत नाही. पेशाने हिशेब तपासते, तेव्हा या अभिप्रायात आकडे जरा जास्त असणार. पावसाचं पाणी जिरवण्याचं काम ज्यांच्याकडून करून घेतलं त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांचे थोडे पैसे अजून माझ्याकडे अडकलेत आणि बोलणी चालू आहेत.

आमचं दुखणं जुनं. टेकडीकडून उतार, त्यामुळे दर जुलैत बी विंगचं पार्किंग घोटाभर पाण्यात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने या भागात हाहाकार केला, तेव्हापासून तर आभाळ भरून आलं की निम्मे लोक गाडी हलवायला खाली धावतात. पहिलं कोटेशन आलं ते सरळ होतं: बारा इंची पाइप टाका, सगळं पाणी ओढ्याकडच्या गटारात सोडा. स्वस्त आणि चार दिवसांत काम पुरं. पण ओढा फुगला की तेच गटार उलटं येतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं कोटेशन यांचं, जवळजवळ पावणेदोनपट. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत 'स्पंज सिटी', म्हणजे पाऊस वाहून न घालवता स्पंजसारखा जमिनीत मुरवणारं शहर. मीटिंगमध्ये पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "स्पंज कुठे घालणार, आणि पिळायचा कुणी?" हशा पिकला. काम हातचं गेलं असंच मला वाटलं.

तेव्हा त्यांच्या इंजिनिअरने उलट आम्हालाच विचारलं, "पाणी किती वेळ थांबलेलं चालेल तुम्हाला?" यावर अर्धा तास वादावादी. कुणाला बूट ओले नको होते, कुणाला डासांची भीती. शेवटी वर्क ऑर्डरमध्ये वाक्य गेलं ते असं: तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तरी पार्किंग कोरडं, बागेत पाणी साचेल आणि चोवीस तासांत जिरेल. 'कुठेच साचणार नाही' असं लिहून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. मला आवडलं ते तिथे.

मग खड्डे. दोन ठिकाणी दोन-दोन फूट खणले, आदल्या रात्री पाणी भरून माती मुरवली, सकाळी पुन्हा भरून पट्टी उभी केली आणि घड्याळ लावून बसले. मीही चहा घेऊन बसले. बी विंगमागे मुरूम निघाला, तासात चार इंच पाणी उतरलं. गेटजवळ काळी माती. दुपार झाली तरी पट्टीवर जेमतेम अर्ध्या इंचाचा फरक. नकाशात पाणी जिरवायची बाग गेटजवळ होती, दिसायला छान म्हणून. त्यांनी तिथल्या तिथे ती मागे हलवली. बोअरमध्ये पाणी सोडा असा काहींचा आग्रह होता. खाली बेसाल्ट, पाणी जातं ते भेगांतून. शिवाय पार्किंगच्या पाण्यात ऑइल आणि गाड्या धुतल्याचा साबण. ते बोअरमध्ये घालणार नाही म्हणाले, आणि नाही घातलं.

हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. आमची गच्ची ९०० चौरस मीटर, म्हणजे वर्क ऑर्डरमधल्या ५० मिलिमीटरला तासाभरात ४५ हजार लिटर. एप्रिलमध्ये हेच आम्ही दहा-दहा हजार लिटरचे टँकर मागवून विकत घेतो! खडीच्या चरात दगडांमधली पोकळी साधारण ४० टक्के, त्यात मावतं ६ हजार. बाग ६० चौरस मीटर, पाव मीटर खोल, ते १५ हजार. तासाभरात मुरमात जिरेल आणखी सहाएक हजार. उरलेलं १८ हजार ओव्हरफ्लोने गटारात. म्हणजे गटार सुटलं नाहीच, त्याच्यावरचा भार निम्म्याहून कमी झाला. हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं.

जूनमध्ये एका संध्याकाळी दणकून कोसळला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पर्जन्यमापकात दीड तासात ६२ मिलिमीटर. साडेआठला फोन, "मॅडम, बागेत तळं झालंय, पैसे पाण्यात गेले!" मी म्हटलं, अहो, त्यासाठीच दिलेत. पार्किंगमध्ये चपला घालून फिरून आले, फरशी नुसती ओलसर. सकाळी साडेसातला बागेत कर्दळ आणि वाळा उभे, खाली चिखल, पाणी नाही. डासांची अळी वाढायला आठवडा तरी लागतो, एका रात्रीत ती काय होणार.

आता तक्रारी. बागेत पसरलेला नारळाचा भुसा दुसऱ्याच पावसात तरंगला आणि ओव्हरफ्लोच्या जाळीवर जाऊन बसला. तीन दिवसांत येतो म्हणाले, नवव्या दिवशी उगवले. तोवर आमचा माळी खराट्याने जाळी मोकळी करत होता. गाळाची चेंबर कधी उपसायची, याचा कागद तीनदा मागितल्यावर मिळाला. पेव्हर ब्लॉकच्या फटींत बारीक खडी असते, तिथून पाणी खाली जातं. हे झाडूवाल्या मावशींना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी इमानेइतबारे त्यात माती झाडून भरली.

आणि गेटजवळचे पेव्हर खचले. पाऊस, उतार, माती, डास, सगळं विचारणाऱ्या माणसाने एवढं विचारलं नाही की इथे टँकर येतो का. येतो, मार्च ते जून, भरलेला, आणि नेमका त्याच पेव्हरांवर उभा राहतो. मीही सांगितलं नाही, हे खरं. पण विचारायचं काम त्यांचं होतं.

बिलाचे दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचं कलम मी घातलं होतं. दिवाळीआधी पाच सोडले. खालचा थर उकरून पेव्हर पुन्हा बसवून दिले की उरलेले पाच. तोवर टँकर गेटबाहेर थांबतो, आणि वॉचमन रस्त्यापासून टाकीपर्यंत पाइप ओढत शिव्या घालतो. बहुतेक मलाच.